येत होतं, आता येत नाही : ल्युकोडिस्ट्रॉफी आणि आपला वर्ग



आजचा विषय अभ्यासक्रमात कुठेच नाही. डी.एड.ला असताना आपण अध्ययन अक्षमता शिकलो, गतिमंदत्व शिकलो, दृष्टिदोष-श्रवणदोष शिकलो. पण 'कालपर्यंत येत होतं ते आज विसरणारं मूल' असा धडा मला तरी आठवत नाही. म्हणून हा लेख. आजार फार दुर्मीळ आहे, तुमच्या अख्ख्या नोकरीत असं एकही मूल कदाचित येणार नाही. तरीही शेवटपर्यंत वाचा, कारण या आजाराची पहिली खूण बऱ्याचदा दवाखान्यात नाही, वहीत दिसते.

माझी डी.एड.ची एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिच्या वर्गात तिसरीला एक मुलगा होता. पहिलीतच वाचायला लागलेला, परिपाठाला दिनविशेष सांगणारा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचं अक्षर बिघडलं. चौकटीच्या वहीतली अक्षरं चौकटीबाहेर जायला लागली. श्रुतलेखनाला हा मागचाच शब्द लिहीत बसायचा. हाक मारली की "काय मॅडम?" आणि सांगितलं की परत "काय मॅडम?" वर्गात शांतता असली तर ठीक, गलका असला की त्याला काही कळायचंच नाही. मैत्रिणीला वाटलं, लाडावलाय. तिने तेच पान पाच-पाच वेळा लिहायला लावलं. आई म्हणाली, "मॅडम, मोबाईलचं खूळ लागलंय." कान तपासले, कान ठणठणीत. होळीपर्यंत तो दाराच्या चौकटीला धडकायला लागला, तेव्हा कुठे शहरात नेऊन एमआरआय झाला. आजाराचं नाव निघालं ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. थोडक्यात एएलडी.

मैत्रिणीने फोनवर मला विचारलं होतं, "त्या पाच-पाच पानांचं काय करू गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी वाचायला लागले. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

आधी मायलिन म्हणजे काय ते बघू

मेंदू मधोमध कापला तर दोन रंग दिसतात. बाहेरच्या बाजूला करडा थर आणि आत पांढरा भाग. करड्या भागात चेतापेशींची मुख्य शरीरं असतात. पांढऱ्या भागात त्यांचे लांब लांब तंतू असतात, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे. मेरुरज्जूत उलटं असतं, पांढरा भाग बाहेर आणि करडा आत. हा पांढरा रंग येतो तो तंतूंवरच्या वेष्टणामुळे. त्या वेष्टणाचं नाव मायलिन. ते बहुतांशी स्निग्ध पदार्थांचं, म्हणजे चरबीचं बनलेलं असतं.

विजेच्या वायरीवर प्लॅस्टिकचं आवरण असतं तसं, असं आपण मुलांना सांगतो. उदाहरण बरोबर आहे पण अर्धंच. मायलिन सलग नसतं. थोड्या थोड्या अंतरावर त्यात मोकळ्या फटी असतात. संदेश या फटीवरून त्या फटीवर उडी मारत जातो, एकेक पायरी न चढता दोन-दोन पायऱ्या उड्या मारत चढणाऱ्या पोरासारखा. म्हणूनच वेग वाढतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून संदेश साधारण सेकंदाला एक मीटर जातो. जाड मायलिन असलेल्या तंतूतून तोच सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जाऊ शकतो. पाचवी-सहावीच्या वर्गात हे गणित घालून बघा : पायापासून मेंदूपर्यंत एक मीटर अंतर धरलं तर एका तंतूला एक सेकंद लागेल आणि दुसऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग. मुलांना फार आवडतं.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. जन्मतः हे वेष्टण पूर्ण नसतं. ते वाढत्या वयात चढत जातं. बाळ आधी मान धरतं, मग बसतं, मग वर्षाच्या आसपास चालतं, या क्रमामागे मायलिन चढण्याचा क्रमही आहे. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे विचार करून वागण्याचा, थांबण्याचा भाग, सर्वांत शेवटी पूर्ण होतो, तो तर विशीतही चालूच असतो. पहिलीच्या पोरांना 'हाताची घडी तोंडावर बोट' का जमत नाही, याचं थोडंसं उत्तर इथेही आहे.

मेंदूत आणि मेरुरज्जूत हे वेष्टण तयार करणाऱ्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. आता समजा, हे वेष्टण तयार करण्याची, टिकवण्याची किंवा त्यातल्या चरबीची विल्हेवाट लावण्याची सूचना ज्या जनुकात लिहिली आहे, त्या जनुकातच चूक असेल तर? मग पांढरा भाग नीट बनत नाही, किंवा बनलेला खराब होत जातो. अशा आनुवंशिक आजारांच्या गटाला ल्युकोडिस्ट्रॉफी म्हणतात. 'ल्युको' म्हणजे ग्रीक भाषेत पांढरा. हा एक आजार नाही, अनेक आजारांचं कुटुंब आहे. काही तान्हेपणी दिसतात, काही शाळेत, काही थेट मोठेपणी. यातला कुठलाच संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने होत नाही. हे पालकसभेत सांगायची वेळ आली तर न कचरता सांगा.

शाळेच्या वयात गाठणारा एएलडी

आपल्या शरीरात खूप लांब साखळीचे स्निग्ध घटक असतात. त्यांच्या साखळीत २२ पेक्षा जास्त कार्बन असतात, आणि २६ कार्बनवाला घटक या आजारात फार महत्त्वाचा. पेशीत पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्या असतात, तिथे या साखळ्या तोडल्या जातात. त्या पिशवीत साखळ्यांना आत घेणारं एक दार आहे. ते दार तयार करणाऱ्या जनुकाचं नाव एबीसीडी-१ (हे नाव वाचून मला हसू आलं होतं, पहिलीच्या पुस्तकातलं वाटतं). १९९३ साली हे जनुक सापडलं. त्यात बिघाड असला की दार उघडत नाही, साखळ्या तुटत नाहीत आणि त्या साठत जातात, विशेषतः मेंदू-मेरुरज्जूत आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत. डॉक्टर तिला ॲड्रिनल म्हणतात, आजाराच्या नावातला पहिला शब्द तोच.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एक्स एकच असतो, म्हणून फटका मुलग्यांना जास्त. हा बिघाड असलेल्या मुलग्यांपैकी साधारण तिघांमागे एकाला लहानपणीच मेंदूचा प्रकार होतो, बहुतेक वेळा ४ ते १० या वयात. म्हणजे बालवाडी ते चौथी. म्हणजे आपल्याकडे.

सुरुवात कशी होते? ताप नाही, दुखणं नाही. मूल एकाग्र होत नाही, चिडतं किंवा गप्प होतं, अक्षर बिघडतं, केलेली बेरीज चुकते. बोललेलं ऐकू येतं पण शब्द उलगडत नाहीत, विशेषतः गोंगाटात आणि फोनवर, आणि कानाची साधी तपासणी मात्र चांगली येते. कधी नजरेचा घोळ होतो, समोरची वस्तू हाताला लागत नाही. पुढे चाल बिघडते, बोलणं जातं, गिळणं अवघड होतं. उपचार नसेल तर बऱ्याच मुलांची वर्ष-दोन वर्षांतच सगळी शक्ती जाते. सुरुवातीच्या टप्प्यात या मुलांवर 'अतिचंचल', 'लक्ष न देणारा' असा शिक्का बसतो. असा शिक्का मारणारे डॉक्टरच असतात असं नाही. आपणही असतो.

अधिवृक्क ग्रंथीची खूण वेगळी असते : ऊन नसतानाही त्वचा काळवंडणं, विशेषतः हिरड्या, बोटांचे सांधे, जुने व्रण. शिवाय थकवा, वारंवार उलट्या, मीठ खावंसं वाटणं. मैत्रिणीच्या वर्गातला मुलगाही वर्षभरात काळवंडला होता. सगळे म्हणत होते, उन्हात हुंदडतो.

लोरेन्झोची गोष्ट

या आजाराचं नाव जगाला कळलं ते एका मुलामुळे. लोरेन्झो ओडोने, जन्म मे १९७८. वडील ऑगस्टो इटालियन, जागतिक बँकेत अर्थतज्ज्ञ. आई मायकेला अमेरिकन. काही काळ हे कुटुंब कोमोरोस बेटांवर राहिलं, मग अमेरिकेत परतलं. तिथल्या शाळेत लोरेन्झोच्या वागण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. एप्रिल १९८४ मध्ये, तो सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा, निदान झालं. डॉक्टरांनी फार तर दोनेक वर्षं दिली होती.

आईवडील दोघेही शास्त्रज्ञ नव्हते. ते ग्रंथालयात जाऊन बसले, शोधनिबंध वाचले, तज्ज्ञांना एकत्र आणलं. शेवटी ओलिक आणि इरुसिक आम्लांपासून केलेल्या दोन तेलांचं चारास एक असं मिश्रण त्यांनी पुढे आणलं. डॉन सुडाबी या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने ते शुद्ध करून दिलं. या तेलाने रक्तातल्या त्या २६ कार्बनवाल्या घटकाचं प्रमाण खरंच खाली येतं. १९९२ साली 'लोरेन्झोज ऑइल' चित्रपट आला आणि जगभर वाटलं की औषध सापडलं.

तसं नव्हतं. ज्यांची लक्षणं सुरू झाली आहेत त्या मुलांमध्ये आजार या तेलाने थांबला नाही. लक्षणं नसलेल्या, मेंदू अजून चांगला असलेल्या मुलांमध्ये धोका थोडा कमी होत असावा, असा अभ्यास २००५ साली अमेरिकेतले डॉ. ह्युगो मोझर यांनी मांडला, त्यावरही वाद आहेत. लोरेन्झो स्वतः अंथरुणाला खिळलेला, बोलू न शकणारा, बोटं हलवून आणि पापण्या मिटून उत्तरं देणारा असा ३० वर्षांचा होऊन मे २००८ मध्ये गेला, वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी. आई त्याच्या आठ वर्षं आधी गेली होती.

चित्रपट जरूर बघा, पण पालकांना सांगताना जपून. इरुसिक आम्ल मोहरीच्या तेलात असतं, हे कळल्यावर कुणीतरी घरात मोहरीचं तेल पाजायला सुरुवात करेल. तो उपचार नाही.

मग उपचार काय?

मेंदूचा आजार अगदी सुरुवातीला पकडला तर दात्याच्या मूलपेशींचं रोपण, ज्याला आपण बोलीत बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते आजार थोपवू शकतं. १९९० साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे यशस्वी झाल्याचं नोंदवलं. २००९ मध्ये त्यांनीच मुलाच्या स्वतःच्या पेशी काढून, त्यात दुरुस्त जनुक घालून परत सोडण्याचा प्रयोग जाहीर केला. त्यावर आधारलेल्या एका जनुक-उपचाराला अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली, मात्र काही मुलांना नंतर रक्ताचा कर्करोग झाल्याने तो फार जपून वापरतात.

रोपणामुळे गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकतं, आणि तेही रोपणानंतर काही महिने आजार पुढे सरकतच राहतो. म्हणजे चाल बिघडल्यावर, नजर गेल्यावर रोपण करून फारसं हाती लागत नाही. ते करायची वेळ नेमकी तीच, जेव्हा मूल फक्त 'थोडं ढेपाळलेलं' दिसतं. त्या वेळी त्याला रोज पाच तास कोण बघत असतं?

आपल्या देशाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात एएलडीचं नाव पहिल्या गटात आहे आणि कंसात अट आहे : सुरुवातीच्या अवस्थेत. नेमलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१३ च्या अखेरीस नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी सुरू केली. आपल्याकडे ती सरसकट होत नाही, म्हणून पहिलं मूल लक्षणांनीच सापडतं.

आईकडून आलं म्हणजे आईची चूक नव्हे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जनुक एक्सवर असल्याने आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार येण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. बापाला असेल तर सगळ्या मुली वाहक, मुलगे मात्र सुटतात. हे कळलं की आपल्या घरांत लगेच 'तुझ्या माहेरचं' सुरू होतं. ते कानावर आलं तर कृपया थांबवा. कुठला एक्स द्यायचा हे आईला निवडता येत नाही. शिवाय वाहक बायकांनाही पुढे त्रास होतो, वय वाढेल तसा पाय जड होणं, ताठरणं, लघवीची घाई. तो मेरुरज्जूचा प्रकार. पुरुषांत तोच विशी-तिशीत सुरू होतो.

एकाच घरात एकाच बिघाडाची वेगवेगळी रूपं असतात. त्या मुलाचा मामा पस्तिशीत पाय ओढत चालायचा. सगळ्यांनी त्याला 'मणक्यात गॅप आहे' म्हणून पट्टा बांधायला लावला होता. भाच्याचं निदान झाल्यावर मामाचं रक्त तपासलं आणि कोडं सुटलं. म्हणून घराण्याचा तक्ता काढताना इथे आईकडची बाजू बघायची : सख्खे भाऊ, मामा, मावसभाऊ. 'परिसर अभ्यास'मध्ये आपण वंशवृक्ष शिकवतो, तो इथे कुणाचा तरी जीव वाचवू शकतो.

सगळ्या ल्युकोडिस्ट्रॉफी अशा आईकडूनच येत नाहीत. काहींत आई आणि वडील दोघंही वाहक असावे लागतात, दोघं स्वतः ठणठणीत, आणि प्रत्येक बाळाला शक्यता चारात एक. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी अशी. तिच्यात दीड-दोन वर्षांचं चालणारं मूल पडायला लागतं. नात्यातल्या लग्नांत, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, ही शक्यता वाढते, कारण दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असू शकते.

आणि एक प्रकार तर मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अगरवाल समाजातल्या मुलांत एक वेगळी ल्युकोडिस्ट्रॉफी नोंदवली. पहिल्या वर्षातच डोकं मोठं होतं, पण मूल बरंच हुशार राहतं, हळूहळू चाल बिघडते, झटके येतात. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या डॉ. मार्यो व्हान डर नाप यांनीही तिचं वर्णन केलं. एमएलसी हे तिचं छोटं नाव. पिढ्यानपिढ्या समाजातच लग्नं होत राहिल्याने एकच जुना बिघाड अनेक घरांत पोचला. यात समाजाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, जातीतच लग्न करणारे आपण सगळेच आहोत. शिक्षकाच्या दृष्टीने इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच : या मुलाला डोक्यावरचा किरकोळ मार सुद्धा महागात पडतो. मधल्या सुट्टीची धक्काबुक्की, घसरगुंडी, इथे लक्ष हवं. पण त्याला वर्गात कोपऱ्यात बसवून ठेवू नका, त्याची बुद्धी बराच काळ शाबूत असते.

वहीची तारीख

आता आपण काय करायचं? निदान नाही. ते आपलं काम नाही. अभ्यासात मागे पडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात : चष्मा, कानातला मळ, घरातली भांडणं, रक्त कमी असणं, स्थलांतर. लगेच घाबरवू नका. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा : याला हे पूर्वी येत होतं का? कधीच न आलेलं आणि येऊन गेलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यासाठी पूरक अध्यापन. दुसऱ्यासाठी डॉक्टर, आणि तोही लवकर.

आणि हे सिद्ध करायला आपल्याकडे पुरावा असतो. जून, सप्टेंबर, डिसेंबर, तीन महिन्यांतलं एकेक शुद्धलेखनाचं पान तारखेसह. मोबाईलवर फोटो काढा आणि पालकांबरोबर पाठवा. 'लक्ष देत नाही' ही तक्रार डॉक्टर रोज ऐकतात, पण 'जूनमध्ये असं लिहीत होता, डिसेंबरमध्ये असं' हे दाखवलं की ते खुर्चीत पुढे सरकून बघतात. आपल्या वर्णनात्मक नोंदी मात्र इथे कुचकामी ठरतात, कारण खरं बोलायचं तर त्या आपण छापील पुस्तकातून उतरवतो. 'अक्षर सुवाच्य काढतो' हे वाक्य त्या मुलाच्या दुसऱ्या सत्राच्या नोंदीतही होतं, मैत्रिणीनेच मला सांगितलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. उंची-वजन झालं की आपण सही करून मोकळे होतो. त्या दिवशी असं मूल असेल तर स्वतः उभं राहून सांगा, ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवू शकतात. एएलडीसाठी पहिली तपासणी रक्ताचीच असते, त्या लांब साखळ्यांच्या प्रमाणाची. मग एमआरआय.

तिसरीतला तो मुलगा आता घरीच असतो. मैत्रीण शनिवारी शाळा सुटली की जाते, गोष्ट वाचून दाखवते. त्याला किती कळतं माहीत नाही, पण तिचा आवाज ऐकला की मान वळवतो, असं आई म्हणते. त्याचा धाकटा भाऊ तेव्हा अंगणवाडीत होता. त्याचंही रक्त तपासलं, त्यालाही तोच बिघाड निघाला. मेंदू मात्र अजून स्वच्छ आहे. अधिवृक्क ग्रंथीसाठी त्याला रोज गोळ्या चालू आहेत आणि दर सहा महिन्यांनी एमआरआय होतो. यंदा तो पहिलीत आला, तिच्याच शाळेत. एमआरआयच्या आठवड्यात तो दोन दिवस गैरहजर असतो. तिसऱ्या दिवशी आला की मैत्रीण आधी त्याची वही मागते आणि मागच्या महिन्याच्या पानाशेजारी ठेवून बघते.